तळाला माती लागता कामा नये

मुलीने पळायला बोलावलं आणि हृषीकेश पागनीस बूट आणायला गेले. पुढे जे काही रामायण घडलं, ते या दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून आत शिरलं.

बोलावणं साधंसुधं नव्हतं. ऋजुता गेली दोन वर्षं बापाशी जे बोलत होती ते वायफायचा पासवर्ड, गाडीची चावी आणि "हो, जेवले" एवढ्यात आटपत असे. त्यात तिला पुण्याला नोकरी लागलेली. मार्च उजाडला की ती जाणार. आणि जानेवारीतल्या एका संध्याकाळी ही मुलगी आपण होऊन सोफ्यावर शेजारी येऊन बसली, मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, सिमरोलच्या पुढे टेकडीवर एक ट्रेल रन आहे. जोडीने पळायची. एक जण मुलांपैकी, एक आईबाबांपैकी. शेवटी हात धरूनच लाइन पार करायची, नाहीतर ते गिनतच नाहीत. येता का माझ्याबरोबर?"

पागनीसांना गहिवरून आलं. पण इंदूरच्या सांवेर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात ज्याने सारी उमर क्वालिटी विभागात काढली, त्याला गहिवरसुद्धा लगेच पास करता येत नाही. तो थोडा वेळ बाजूला ठेवून बघावा लागतो.

"टेकडी म्हणजे नक्की कशी?" त्यांनी विचारलं. "दगड की मुरूम?"

"दोन्ही."

"मग आधी बूट बघावे लागतील."

"अहो बाबा, आमच्या ग्रुपमधल्या एक आंटी सँडल घालून पळतात."

"पळत असतील," पागनीस म्हणाले, "त्यांच्या घुटन्यांची जबाबदारी माझ्यावर नाही."

ऋजुता आत गेल्यावर ते तडक स्वयंपाकघरात गेले आणि भाजी फोडणीला टाकत असलेल्या बायकोला म्हणाले, "तिने मला विचारलं. तुला नाही, मला." सुरुची फक्त हसली. पागनीस मात्र आनंदाबरोबर घाबरलेही होते. टेकडीवर अर्ध्यात धाप लागून आपण बसलो, तर ही पोरगी पुन्हा कधी विचारायची नाही. आणि मार्चनंतर विचारायला ती इथे असायचीही नाही. ही भीती बायकोला सांगण्यापेक्षा बुटांबद्दल बोलणं सोपं होतं.

रिंग रोडवरच्या खेळाच्या सामानाच्या भल्यामोठ्या दुकानात त्यांनी एक अख्खी दुपार घालवली. ट्रेलवर पळायचे बूट निराळे असतात ही माहिती त्यांना आदल्या दिवशीच झाली होती, त्यामुळे ते ती विक्रेत्या मुलीला समजावून सांगत होते. शेवटी पसंत पडलेला जोड पोपटी होता आणि त्यावर नारिंगी पट्टे होते. ज्यांनी आजवर काळ्याच्या पलीकडे फार तर तपकिरीपर्यंत मजल मारली होती, त्यांनी हा रंग निव्वळ पितृप्रेमापोटी सोसला. त्यांनी बूट वाकवला, दाबला, हुंगला, आणि खिशातून व्हर्नियर काढून तळाच्या दातांची खोली मोजायला घेतली. मुलगी गंमत बघत उभी राहिली.

"सर, ऐसा करो," ती म्हणाली, "घर ले जाओ, पंद्रह दिन पहन के देखो. नहीं जमा तो पूरा पैसा वापस. बस सोल पे मिट्टी नहीं लगनी चाहिए."

पागनीसांचा चेहरा उजळला. बाजारात त्यांना आजवर "एक बार बिका तो बिका" म्हणणारेच भेटले होते. तपासणीचा हक्क मान्य करणारं हे पहिलं दुकान. ते खोका छातीशी धरून घरी आले आणि ती अट बायकोला ऐकवली. 

"मातीत पळायचे बूट," ती म्हणाली, "आणि मातीला लावायचे नाहीत?"

"तपासून होईपर्यंत नाही."

"मग तपासणार कुठे? पलंगावर?"

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. पागनीसांनी ते सूचना म्हणून घेतलं.

पलंगावर बूट छान चालले. गादी मऊ असल्यामुळे घोट्यावर ताण येत होता, म्हणजे चढाचा अंदाज मिळत होता. गव्हाच्या पोत्यावर उभं राहून उताराचा अंदाज घेता आला. सोफ्यावरून उशीवर आणि उशीवरून दिवाणावर अशी एक छोटी शर्यतही झाली. मग ते थांबले, कारण सुरुचीने दार उघडलं होतं. नवीन असले तरी पायातले ते पायातलेच, गादीवर चढवायचे नाहीत, हा मुद्दा तिने अशा आवाजात मांडला की खालच्या मजल्यावरचा मिक्सर बंद झाला.

तरीही निकाल काही लागेना. उजवा बूट बेदाग होता. डाव्यात करंगळीला काहीतरी जाणवत होतं. लागत नव्हतं, टोचत नव्हतं, जाणवत होतं. पागनीसांनी करंगळीचा विचार इतका केला की ती बूट नसतानाही जाणवू लागली.

सकाळी अंधारातच ऋजुता पळायला निघायची. पहिल्या दिवशी तिने दारात लेस बांधता बांधता विचारलं, "बाबा, येता का? हळूहळू प्रॅक्टिस करू."

पागनीस ब्लँकेट गुंडाळून बाहेर आले. "यायचंच आहे. पण नवीन बूट रस्त्यावर काढता येत नाहीत."

"मग जुने घाला ना."

"जुन्या बुटांत पळून शरीराला चुकीची सवय लागली, मग?"

हा युक्तिवाद पागनीसांना बिनतोड वाटला. ऋजुता "ठीक आहे" म्हणून गेली. दुसऱ्या दिवशीही तिने विचारलं. "करंगळीचा निकाल लागू दे," पागनीस म्हणाले. तिसऱ्या दिवशी सुरुची दूध घ्यायला उठलेली होती, तिला ऋजुता काहीतरी म्हणाली आणि दोघी बरोबरच खाली गेल्या. दूध काही एवढ्या लवकर येत नाही, हे पागनीसांच्या लक्षात यायला हवं होतं. पण तेव्हा ते बुटाच्या जिभेखालची शिवण तपासत होते.

रविवारी शुभांगण रेसिडेन्सीच्या फाटकाशी पोहे खायला सगळी बिल्डिंग जमते. पोहे, वर शेव, जिरावणाचा मसाला, आणि त्याहून वर सल्ले. पागनीसांनी करंगळीचा विषय काढायचा अवकाश, छाजेड भियांनी, म्हणजे छाजेड भैयांनी, प्लेट खाली ठेवली. राजवाड्याकडे त्यांचं नमकीनचं दुकान, त्यामुळे जगातल्या कोणत्याही वस्तूवर बोलण्याचा त्यांना अधिकार.

"ऐसा है पागनीस साब," ते म्हणाले, "नया जूता कभी खुद मत पहनो. पहले किसी और से चलवाओ. अपने बड़े भाई ने मेरे सारे जूते चलाए, आज तक छाला नी आया."

"त्यांच्या पायाला आले असतील," पागनीस म्हणाले.

"तो वो तो बड़े हैं ना भिया!"

मग दुसऱ्या कोणी रात्रभर ओला पेपर कोंबायला सांगितलं, तिसऱ्याने खोबरेल तेल. सोसायटीचे अध्यक्ष अप्पासाहेब पाटबंधाऱ्यातून मोठे बाबू होऊन निवृत्त झालेले. ते सगळ्यांचं बोलणं डोळे मिटून ऐकत होते. निकाल आपल्याकडूनच जाहीर व्हायचा आहे याची त्यांना खात्री होती.

"पागनीस," ते म्हणाले, "हा मुळात बुटांचा मामलाच नाही. हा मोज्यांचा मामला आहे." एवढं बोलून ते जिलबीकडे वळले, आणि मोज्यांचं पुढे काय करायचं ते गुलदस्त्यातच राहिलं.

छाजेड भियांनी जाताजाता आणखी एक सल्ला दिला, तो मात्र पागनीसांना शास्त्रीय वाटला. तळाला पन्नी लावायची. पन्नी म्हणजे प्लॅस्टिक. मातीही लागणार नाही आणि बूटही चालवून होतील. घरी येऊन त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुतल्या, पुसल्या, चिकटपट्टीने तळाला ताणून बसवल्या, आणि तपासणीसाठी तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये आले. पॅसेजमधल्या फरश्या नुकत्याच पुसलेल्या. ट्रेलवर पकड घट्ट राहावी म्हणून कोणा तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं डोकं झिजवून केलेले ते तळाचे दात दुधाच्या पिशवीखाली गाडले गेले होते. पागनीसांनी पहिलं पाऊल टाकलं ते आपल्या दाराशी आणि दुसरं पडलं ते थेट सरलाताईंच्या दाराशी, आणि तेही पाऊल नव्हतं.

सरलाताई फुलांची परडी घेऊन बाहेर पडत होत्या. त्या सोसायटीत ज्येष्ठांचा योगवर्ग घ्यायच्या, त्यामुळे माणूस जमिनीवर असा पसरलेला पाहून त्या घाबरल्या नाहीत.

"पडलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही," पागनीस खालूनच म्हणाले. "ग्रिप बघत होतो."

"काय छान," सरलाताई म्हणाल्या. "श्वास सोडा आता."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मातीत न जाता बूट तपासण्याचा हट्ट दुसऱ्या एखाद्या गावात एवढा वाढला नसता. तिथे जिन्यातच माती असते. पण इंदूरकर माणूस स्वच्छतेच्या बाबतीत फार हळवा आहे. चॉकलेटचा कागद खिशात घालून तो अख्खं गाव फिरेल, पॅन्टसकट धुवायला टाकेल, पण रस्त्यावर टाकणार नाही. असल्या गावात बुटाला माती लावायची म्हटली तर ती आधी शोधावी लागते, आणि लागली तर चोरासारखं घरी यावं लागतं. पागनीस तर शुभांगणच्या स्वच्छता समितीचे सदस्य होते. जिन्यात चिखलाचं पाऊल दिसलं की ते कोणाचं हे बुटाच्या नंबरावरून शोधून काढण्याचं काम त्यांच्याचकडे होतं.

तेव्हा पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठरवलं की आपण मातीकडे जायचं नाही, ट्रेलच आपल्याकडे आणायची. आणि ती धुऊन आणायची.

पोलोग्राउंडकडे एका शेडचं बांधकाम चाललं होतं, तिथून त्यांनी ओळखीने गाडीच्या डिकीत मावतील तेवढी खडीची पोती आणली. न्हाणीघरात बसून, बादलीबादलीने, कपड्यांच्या साबणाने ती खडी धुतली. धुतलेली खडी गच्चीवर जुन्या चादरीवर वाळत घातली. जानेवारीचं कोवळं ऊन, शेजारी कोणाच्या तरी गाजराच्या लोणच्याच्या फोडी आणि मध्ये पागनीसांची खडी. ती वाळल्यावर त्यांनी तिची गच्चीभर लांब पट्टी पसरली, एका बाजूला प्लायवूड टेकवून चढ केला, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मधे विटांचे तुकडे, तेही धुतलेले, टेकडीवरचे खडक म्हणून ठेवले. दिसायला ट्रेल अशी झाली होती की पागनीस स्वतःच थोडा वेळ हात मागे बांधून तिच्याकडे बघत राहिले.

बूट घालून ते चढापाशी उभे राहिले, लेस आवळली, आणि मागून आवाज आला.

"पागनीस, परमिशन ली क्या?"

अप्पासाहेब पाण्याची टाकी बघायला आले होते.

"अप्पासाहेब, फक्त बूट तपासून लगेच काढणार आहे."

"काढून ठेवणार कुठे?" अप्पासाहेबांनी विचारलं. "नाही, मी व्यक्तिशः काहीच म्हणत नाही. पण ही खडी उद्या कचऱ्याच्या गाडीत द्यायची झाली तर कोणत्या डब्यात द्यायची? तुम्ही तर समितीचे मेंबर. तुम्हीच सांगा."

 आपल्याकडे पोराला बोलता येण्याआधी कोणता कचरा कुठल्या डब्यात ते कळतं. पण साबणाने धुतलेली, अत्तरासारखी दरवळणारी खडी कुठे बसते ते पागनीसांनाही ठाऊक नव्हतं. अप्पासाहेबांनी मग तातडीची सभा बोलावली आणि सभा होईपर्यंत ट्रेलवर पाऊल ठेवायला मनाई केली. तिच्याभोवती दोरी बांधली. दोरी पागनीसांच्याच घरची होती.

सभा भरायला दोन दिवस गेले, कारण अप्पासाहेबांच्या मते नोटीस लावल्याशिवाय सभा घेणं म्हणजे झुंडशाही. ते दोन दिवस पागनीस पोपटी बूट घालून दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होते. पहाटे दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज यायचा. "येता का" हा प्रश्न आता कोणी विचारत नव्हतं, आणि त्याचं त्यांना थोडं हायसंच वाटत होतं, कारण रोज उत्तर द्यायचं संकट टळलं होतं.

सभेत खूप चर्चा झाली. खडी सुका कचरा आहे असं एकाचं म्हणणं पडलं. ती नुकतीच धुतली आहे, अजून खालून ओली आहे, असं दुसऱ्याने निदर्शनाला आणलं. छाजेड भिया म्हणाले, "मलबा है तो मलबे की गाड़ी बुलाओ, नहीं तो अपन इसको नमकीन बोल के बेच दें." पागनीस उभे राहून आपली बाजू मांडू लागले. हे टेस्टिंग आहे, इंजिनियरिंगमध्ये याला पर्याय नाही, आणि हे सगळं मी माझ्या मुलीसाठी करतो आहे, असं ते म्हणाले.  पण तेवढ्यात सरलाताई उभ्या राहिल्या.

"ह्याला ॲक्युप्रेशर म्हणतात," त्या म्हणाल्या. "माझ्या क्लासच्या लोकांना किती दिवसांपासून असाच पट्टा हवा होता. पागनीसांनी न सांगता करून दिला. दगड तर बघा, कसे स्वच्छ धुतलेत! ह्याला म्हणतात सेवा."

टाळ्या पडल्या. अप्पासाहेबांचा तर मोठाच पेच सुटला, कारण खासगी खडी कचरा ठरू शकते, पण सार्वजनिक खडी म्हणजे सुविधा. ठराव एकमताने पास झाला. विरोधात हात वर करावा असं पागनीसांच्या मनात आलं होतं, पण आपल्याच सत्काराच्या ठरावाला विरोध कसा करायचा ते त्यांना सुचेना.

शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवर 'आरोग्यपथा'चं उद्घाटन झालं. फीत होती, नारळ होता, गरम तळलेला गराडूचा कंद होता. अप्पासाहेब बोलायला उभे राहिले ते पाटबंधाऱ्यातल्या कालव्यांपासून सुरू झाले आणि बऱ्याच वेळाने गच्चीवर पोचले. पागनीसांच्या खांद्यावर शाल आली, हातात श्रीफळ आलं. भाषण चालू असताना ऋजुता गच्चीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात मोबाइल होता आणि तिला काहीतरी विचारायचं होतं असं दिसत होतं. पागनीसांनी शालीतून हात काढून तिला खूण केली, फोटो काढ. तिने फोटो काढला. थोडा वेळ थांबली. मग खाली गेली.

सत्कार आटोपल्यावर पागनीसांनी पिशवीतून पोपटी बूट काढले. आता तरी दोन फेऱ्या मारून बघू. तेवढ्यात सरलाताईंनी त्यांना हाताने अडवलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर ताजी पाटी लागली होती: 'आरोग्यपथावर पादत्राणे घालून चालण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून, स्वच्छता समिती.' समितीच्या सदस्यांची नावंही खाली होती. तिसरं नाव पागनीसांचं होतं.

"या ना," सरलाताई म्हणाल्या, "पहिला मान तुमचा."

आणि बुटांसाठी धुतलेल्या खडीवरून हृषीकेश पागनीस अंगावर शाल आणि हातात बूट घेऊन अनवाणी चालत गेले. खडी फारच टोचत होती. लोक टाळ्या वाजवत होते.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सगळं बाजूला सारून मन घट्ट केलं. करंगळी असो नसो, उद्या हेच बूट घालायचे आणि पळायचं. लागली माती तर लागली. ते ऋजुताच्या खोलीच्या दाराशी गेले आणि जरा खाकरून म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचंय? मी तयार आहे."

पलंगावर दोन टी-शर्ट पसरले होते. त्यांवर ऋजुता पळणाऱ्यांचे नंबर पिनांनी लावत होती. शेजारी सुरुची बसली होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बाबा," ऋजुता म्हणाली, "नाव बदलायचं असेल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंतच बदलता येत होतं. मी विचारायला आले होते वर. तुमचा सत्कार चालू होता."

"मग?"

"मग मी आईचं टाकलं. ती रोज येऊनच राहिली होती ना माझ्याबरोबर."

पागनीसांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या पायाशी तिचे बाजारहाटाचे कॅनव्हासचे बूट होते. अंगठ्याजवळ विटलेले, तळ सपाट झालेला.

"ह्या बुटांत?" त्यांच्या तोंडून निघालं.

"हे लागत नाहीत मला," सुरुची म्हणाली. ती काही रागाने म्हणाली नव्हती, पण रागावली असती तर बरं झालं असतं असं पागनीसांना वाटलं.

रविवारी ते गेले, पण पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या सांभाळायला. पोपटी बूट घरी खोक्यात होते. टेकडीच्या पायथ्याला बाप-लेक, आई-लेकी, थंडीत तोंडातून वाफा काढत उभे होते. एक गृहस्थ तर लुंगी खोचून आले होते आणि मुलगा त्यांना ओळख न दाखवण्याचा प्रयत्न करत होता. पागनीसांना त्या लुंगीवाल्याचा हेवा वाटला. दोघी गर्दीत मिसळून झाडीत दिसेनाशा झाल्या, आणि मग बराच वेळ दिसल्याच नाहीत.

आल्या तेव्हा बऱ्याच मागच्यांत होत्या. गुडघ्यापर्यंत माखलेल्या, सुरुचीच्या वेणीत काटक्या, आणि दोघी हात धरून इतक्या हसत होत्या की लाइन पार केल्याचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. पागनीस बाटल्या घेऊन पुढे धावले.

"काय झालं? काय झालं एवढं हसायला?"

"काही नाही बाबा," ऋजुताला श्वास पुरत नव्हता. "वरती एक... आईने ना... जाऊ दे. सांगून नाही येत ते. तिथे पाहिजे होतं."

त्यांनी तिच्या हातात बाटली दिली. आपल्याला रडू येतं आहे हे त्यांना कळलं, आणि ते उगाच पिशवीची चेन लावत राहिले.

सोमवार हा बूट परत करायचा शेवटचा दिवस. कारखान्यातून परस्पर ते दुकानात गेले आणि खोका काउंटरवर ठेवला. त्या मुलीने बूट बाहेर काढले, उलटे केले आणि दिव्याखाली धरले. मग तिने शेजारच्याला हाक मारून दाखवले.

"देखो, इसको बोलते हैं संभालना. एक दाना मिट्टी नहीं! सर, आपके जैसा कस्टमर नहीं देखा." मग मशीनकडे वळत तिने सहज विचारलं, "वैसे क्या तकलीफ थी जूते में?"

पागनीस करंगळीचं सांगणार होते. वाक्य जुळवूनच आले होते. पण आजवर हजारो पंपांत त्यांनी खोट काढली होती, आणि खोट नसताना खोट लिहिणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"जूते में कोई तकलीफ नहीं थी," ते म्हणाले.

"तो फिर वापस क्यों?"

त्यांनी तिच्या हातातून बूट घेतले, बाकावर बसून पायात चढवले, ऑफिसचे काळे बूट खोक्यात टाकले आणि बाहेर आले. रिंग रोड लखलखीत होता. रस्त्याच्या मधल्या फुलझाडांच्या पट्ट्याला कोणीतरी नुकतंच पाणी दिलं होतं. पागनीस दोन्हीकडची वाहनं बघून, नियमाप्रमाणे रस्ता ओलांडून तिथे गेले, आजूबाजूला पाहिलं, आणि झाडं नसलेली जागा बघून दोन्ही पाय घोट्यापर्यंत चिखलात रोवले. नळी धरलेला माळी ओरडला, "अरे अंकल, क्या कर रहे हो?"

"टेस्टिंग," पागनीस म्हणाले. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

"ऋजुता, मी बोलतोय. बूट खराब झाले. आता ते परत घेणार नाहीत."

"अरे! मग?"

"मग सकाळी मी पण येतो. तुमच्याबरोबर. रन नसली म्हणून काय झालं. मार्चपर्यंतच्या सगळ्या सकाळी तर आहेत ना?"

 मग ऋजुता म्हणाली, "थांबा, आईला विचारते. आता तिची माझी जोडी आहे."

फोनवर कुजबुज झाली, कोणीतरी हसलं, आणि मग सुरुचीचा आवाज आला. "या. पण करंगळी दुखली, लेस सुटली, असलं काही चालणार नाही. मागे राहिलात तर आम्ही थांबणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"नका थांबू," चिखलात उभे असलेले पागनीस म्हणाले. "मी मागे राहीन. पण येतो."